डॉ. एलियट जोस्लिन: मधुमेहींच्या रक्तातील चरबीचा हिशेब ठेवणारे डॉक्टर

मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या रुग्णाला आपले दोन आकडे बहुधा पाठ असतात. एक उपाशीपोटीच्या साखरेचा आणि दुसरा जेवणानंतरच्या साखरेचा. त्याच रिपोर्टच्या खालच्या भागात लिपिड प्रोफाइल असते. त्यात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे आकडे असतात. तिथपर्यंत नजर सहसा पोचत नाही. पोचली तरी ही तर चरबीची तपासणी, तिचा साखरेशी काय संबंध, असे अनेकांना वाटते.

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. साखरेप्रमाणे रक्तातील चरबीही जेवणाआधी एक असते आणि जेवणानंतर वेगळी. मधुमेह असलेल्यांमध्ये हा फरक जास्त असतो आणि जास्त वेळ टिकतो. हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजेत या चरबीचा मोठा वाटा असतो. हा संबंध ओळखून तो डॉक्टरांना आणि रुग्णांना ठामपणे सांगणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांमध्ये बॉस्टनचे डॉ. एलियट जोस्लिन यांचे नाव येते. त्यांचे आयुष्य समजून घेतले की लिपिड प्रोफाइलचा कागद का महत्त्वाचा, हेही समजते.

घरातला आजार आणि हिशेबाची वही

एलियट प्रॉक्टर जोस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑक्सफर्ड नावाच्या लहान गावात झाला. वडिलांचा बुटांचा कारखाना होता आणि घर सुखवस्तू होते. येल येथून १८९० साली पदवी घेतल्यावर त्यांनी हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि १८९५ साली ते डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच मधुमेहावर लिहिलेल्या निबंधाला त्यांना पारितोषिक मिळाले होते. १८९३ साली रुग्णालयात त्यांनी मधुमेह झालेली एक तरुण मुलगी तपासली. तिच्या नोंदीपासून त्यांची वही सुरू झाली.

ही वही त्यांनी पुढे आयुष्यभर चालू ठेवली. रुग्णाचे वय, वजन, आहार, लघवीतील साखर, आजार केव्हा सुरू झाला, रुग्ण किती वर्षे जगला आणि शेवटी कशाने गेला, हे सर्व ते लिहून ठेवत. रुग्ण दुसऱ्या गावी गेला तरी पत्राने चौकशी करून ते नोंद पूर्ण करत. दुकानदार जमाखर्च लिहितो तशी ही नोंद होती, पण त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक माणूस होता.

१८९८ साली त्यांनी बॉस्टनमध्ये स्वतःचा दवाखाना सुरू केला. त्या सुमारास त्यांच्या आईलाच मधुमेह झाल्याचे लक्षात आले. आईचे नावही वहीच्या सुरुवातीच्या नोंदींत आले. त्या काळात या आजारावर औषध नव्हते. आहार काटेकोरपणे सांभाळणे एवढाच उपाय होता, आणि त्यांच्या आईने तो नेटाने पाळला. त्या दहा वर्षांहून अधिक काळ जगल्या. काळजीपूर्वक वागले तर मधुमेह असूनही आयुष्य लांबवता येते, हा जोस्लिन यांचा विश्वास असा घरातूनच पक्का झाला.

साखर बंद, लोणी चालू

इन्सुलिन नव्हते तेव्हा मधुमेहींच्या ताटात काय असे, हे आजच्या रुग्णाला वाचून आश्चर्य वाटेल. भात, ब्रेड, बटाटे आणि गोड पदार्थ जवळजवळ बंद असत, कारण त्यांनी लघवीतली साखर लगेच वाढे. भाज्यासुद्धा दोन-तीनदा पाणी बदलून उकळून दिल्या जात, म्हणजे त्यातला पिष्टमय भाग निघून जावा. मग पोट भरायचे कशाने? मांस, अंडी, लोणी, साय आणि डुकराच्या मांसाच्या चरबीदार पट्ट्या यांनी. साखर टाळायची म्हणून सगळी भूक चरबीवर ढकललेली होती.

यामागचा विचार सरळ होता. शरीराला साखर वापरता येत नाही, तर चरबी वापरू द्यावी. पण इन्सुलिन नसलेल्या शरीरात चरबीही नीट वापरली जात नाही. तिचे अर्धवट ज्वलन होऊन कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ रक्तात साचतात. श्वास खोल आणि जलद होतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, मग गुंगी येते आणि रुग्ण कोमात जातो. जोस्लिन यांच्या वहीत त्या वर्षांत गेलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जण या कोमानेच गेले होते.

बॉस्टनमध्येच कार्नेगी संस्थेची पोषण प्रयोगशाळा होती. तिथले शास्त्रज्ञ फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्याबरोबर जोस्लिन यांनी मधुमेहींचे शरीर किती ऊर्जा वापरते आणि ती साखरेतून येते की चरबीतून, याची अनेक वर्षे मोजणी केली. पुढे फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी एकूण आहारच कमी करण्याची पद्धत आणली. आधी काही दिवस उपास, मग लघवीत साखर दिसणार नाही इतकेच मोजून मापून अन्न. जोस्लिन यांनीही ती स्वीकारली. रुग्ण काही काळ जास्त जगत, पण हाडांचा सापळा होऊन. साखर आणि भूक यांच्यातली ही ओढाताण किती क्रूर आहे, हे ते रोज पाहत होते.

१९१६ साली आपल्या एक हजार रुग्णांच्या अनुभवावर आधारित त्यांचा मधुमेहावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी, १९१८ साली, त्यांनी रुग्णांसाठी वेगळी पुस्तिका काढली. डॉक्टरांसाठीचे ज्ञान रुग्णांच्या भाषेत छापून त्यांच्या हाती द्यायचे, ही कल्पना तेव्हा नवीन होती.

दुधासारखे रक्त

गंभीर मधुमेह असलेल्या काही रुग्णांचे रक्त काढून नळीत उभे ठेवले की एक विचित्र गोष्ट दिसे. लाल पेशी खाली बसल्यावर वर उरणारा द्रव पिवळसर आणि पारदर्शक असायला हवा. या रुग्णांत तो दुधासारखा पांढरा असे. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यासुद्धा काही वेळा फिकट, सायीसारख्या रंगाच्या दिसत. रक्तात चरबी इतकी साठलेली असे की ती नुसत्या डोळ्यांना दिसे.

डोळ्यांना दिसते ते टोक झाले. न दिसणारी वाढ मोजायची कशी? हार्वर्डमधील जीवरसायनशास्त्रज्ञ वॉल्टर ब्लूर यांनी थोड्याशा रक्तातून चरबी वेगळी काढून, तिच्यामुळे द्रावण किती गढूळ होते यावरून तिचे प्रमाण ठरवण्याची पद्धत तयार केली होती. चरबीयुक्त अन्न खाल्ल्यावर रक्तातील चरबी कशी वाढते, याचाही त्यांनी प्राण्यांवर अभ्यास केला होता. जोस्लिन यांच्याकडे रुग्ण होते आणि नोंदी होत्या, ब्लूर यांच्याकडे मोजमाप होते. होरेस ग्रे या सहकाऱ्यासह १९१७ साली त्यांनी मधुमेहींच्या रक्तातील चरबीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

या कामातून पुढे आलेली गोष्ट अशी: आजार सौम्य असेल तर रक्तातील चरबी जवळपास नेहमीसारखी राहू शकते, पण तो बळावला की चरबीचे सगळेच घटक वाढतात. म्हणजे मधुमेह हा केवळ साखरेचा आजार नव्हता. साखरेबरोबर चरबीचाही कारभार बिघडत होता.

ऑगस्ट १९२२

१९२१-२२ मध्ये टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्या कामातून इन्सुलिन हाती आले. ७ ऑगस्ट १९२२ रोजी जोस्लिन यांच्या देखरेखीखाली बॉस्टनमधील पहिल्या रुग्णाला ते टोचण्यात आले. ही रुग्ण स्वतः परिचारिका होती. उपासाच्या उपचारावर तिचे वजन उतरून सुमारे ३१ किलोवर आले होते आणि कित्येक महिने ती घराबाहेर पडली नव्हती. इन्सुलिन सुरू झाल्यावर ती पुन्हा चालू फिरू लागली आणि पुढे अनेक वर्षे जगली.

ज्या डॉक्टराने जवळजवळ पाव शतक रुग्णांना फक्त मरणाची तारीख पुढे ढकलून दिली होती, त्याच्यासाठी हे दृश्य काय असेल याची कल्पना करता येते. मुले वाढू लागली, तरुण कामावर परतले. कोमाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. दुधाळ रक्तही इन्सुलिननंतर काही दिवसांत निवळताना दिसू लागले. रक्तातील चरबी आवरण्याचे कामही इन्सुलिनच करते, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा होता.

वहीत दिसलेला नवा शत्रू

इथे गोष्ट संपली असती तर जोस्लिन फक्त इन्सुलिन वापरणारे एक चांगले डॉक्टर म्हणून ओळखले गेले असते. पण त्यांनी वही बंद केली नाही. मृत्यूच्या कारणांच्या रकान्यात काही वर्षांतच बदल दिसू लागला. कोमाची नोंद विरळ झाली होती आणि तिच्या जागी हृदयविकार, पक्षाघात आणि पायाचे गँगरीन येत होते. रुग्ण कोमातून वाचले होते, पण त्यांच्या रक्तवाहिन्या वयाच्या मानाने फार लवकर कडक आणि अरुंद होत होत्या.

यातला एक भाग साहजिक होता. माणूस जास्त वर्षे जगला की म्हातारपणाचे आजार होणारच. पण एवढ्याने समाधान मानायला जोस्लिन तयार नव्हते. १९२७ साली त्यांनी आपले मत उघडपणे मांडले. वाढते वय सोडले, तर मधुमेहींच्या रक्तवाहिन्या अकाली खराब होण्याचे मुख्य कारण चरबीचा अतिरेक हे आहे, असे त्यांनी सांगितले. मग तो अतिरेक शरीरावरचा असो, ताटातला असो की रक्तातला. पूर्वी हीच चरबी कोमाच्या वाटेने रुग्णाला नेत होती, आता ती रक्तवाहिन्यांच्या वाटेने नेत होती.

हे सांगणे सोपे नव्हते. चरबीने भरलेले ताट मधुमेहींना डॉक्टरांनीच वाढले होते आणि त्या डॉक्टरांत जोस्लिन स्वतः होते. इन्सुलिन आल्यावरही जुन्या सवयीने तोच आहार बराच काळ चालू होता. वहीतले आकडे आपल्याच जुन्या सल्ल्याच्या विरुद्ध जातात हे दिसल्यावर त्यांनी सल्ला बदलला. पुढच्या वर्षांत त्यांच्या रुग्णांच्या आहारातील चरबी कमी होत गेली आणि इन्सुलिनच्या आधाराने धान्य, फळे, दूध यांना जागा मिळत गेली. माँट्रिअलचे डॉ. राबिनोविच यांच्यासारखे इतर डॉक्टरही त्याच काळात कमी चरबीच्या आहाराकडे वळत होते.

सगळेच त्यांना तेव्हा उमगले होते असे मात्र नाही. रक्तातल्या चरबीचे चांगले-वाईट प्रकार, एलडीएल आणि एचडीएल ही नावे, तेल-तुपातले फरक, हे ज्ञान नंतर आले. पण दिशा बरोबर होती.

जेवणाआधी आणि जेवणानंतर नेमके काय होते?

जोस्लिन यांच्या हयातीत आणि नंतर या कोड्याचे तुकडे एकेक करून जुळत गेले. १९४३ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात असे दिसले की हेपॅरिन हे औषध दिल्यावर जेवणानंतरचे दुधाळ रक्त निवळते. पुढे कळले की रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर एक विकर म्हणजे एन्झाइम असते आणि ते चरबीचे कण फोडते. त्याचे नाव लायपोप्रोटीन लायपेज. आज आपल्याला हे चित्र असे समजले आहे:

उपाशीपोटी, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर ९ ते १२ तासांनी, आतड्यातून येणारी चरबी जवळजवळ संपलेली असते. तेव्हा रक्तात जे ट्रायग्लिसराइड असते ते मुख्यतः यकृताने तयार करून पाठवलेले असते.

जेवणानंतर अन्नातील चरबी आतड्यात शोषली जाते आणि कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांत बांधली जाते. हे कण साखरेप्रमाणे थेट यकृतात जात नाहीत. ते लसीकावाहिन्यांतून वर चढून मानेच्या तळाशी डाव्या बाजूला रक्तात मिसळतात. म्हणून साखर जेवणानंतर तास-दीड तासात वर जाते, तर ट्रायग्लिसराइड साधारण ३ ते ५ तासांनी सर्वात वर असते. निरोगी माणसात वर सांगितलेले एन्झाइम हे कण भराभर फोडते आणि पुढच्या काही तासांत रक्त पुन्हा निवळते.

मधुमेहात तीन ठिकाणी अडचण येते. एक, या एन्झाइमला जोर देण्याचे काम इन्सुलिन करते. इन्सुलिन कमी असेल किंवा त्याचा परिणाम होत नसेल तर कण फुटायला वेळ लागतो. दोन, इन्सुलिन शरीरातील साठ्याच्या चरबीला कुलूप लावून ठेवते. ते कुलूप ढिले झाले की साठ्यातून चरबी रक्तात येत राहते. तीन, ही जादा चरबी आणि जादा साखर यकृतात पोचते आणि यकृत त्यातून आणखी ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडते. म्हणजे आतड्यातून आणि यकृतातून, अशा दोन्ही बाजूंनी गाड्या येत असतात आणि टोलनाक्यावर मात्र एकच खिडकी उघडी असते.

रांग लांबते. सकाळच्या नाश्त्याची चरबी पूर्ण निवळायच्या आत दुपारचे जेवण होते, मग चहाबरोबर फरसाण, मग रात्रीचे जेवण. दिवसातला बराच वेळ रक्तवाहिन्यांना या चरबीचा आणि तिच्या अर्धवट फुटलेल्या कणांचा सामना करावा लागतो. हे उरलेले कण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकतात आणि तिथे कोलेस्टेरॉल साठवतात. १९७९ साली डोनाल्ड झिल्व्हरस्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञाने रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्याला जेवणानंतरची चरबी जबाबदार असावी, असा विचार मांडला. जोस्लिन यांच्या निधनाला तेव्हा १७ वर्षे झाली होती.

तीन घोड्यांचा रथ

जोस्लिन रुग्णांना समजावताना मधुमेहाच्या उपचाराला तीन घोड्यांच्या रथाची उपमा देत. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे तीन घोडे. तिन्ही एका चालीने चालले तरच रथ सरळ जातो, आणि लगाम रुग्णाच्या हाती असतो. त्यांनी परिचारिकांना शिक्षिका म्हणून तयार केले. त्या रुग्णांच्या घरी जाऊन स्वयंपाक, इंजेक्शन आणि पायांची काळजी शिकवत. मधुमेही मुलांसाठीच्या शिबिरांना त्यांनी आधार दिला. प्रिसिला व्हाइट, हॉवर्ड रूट, अलेक्झांडर मार्बल यांच्यासारखे सहकारी त्यांच्याकडे तयार झाले. दीर्घकाळ आजार सांभाळून निरोगी राहिलेल्या रुग्णांना ते पदक देत.

त्यांच्या शिस्तीला दुसरी बाजूही होती. रुग्ण चुकला म्हणून आकडा बिघडला, अशी समजूत त्यातून काही घरांत तयार झाली आणि रुग्णांना अपराधी वाटू लागले. आज आपल्याला माहीत आहे की ट्रायग्लिसराइड वाढण्यामागे आनुवंशिकता, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार, मद्यपान किंवा काही औषधेही असू शकतात. म्हणून घरच्यांनी रिपोर्ट पाहून रुग्णाला रागावू नये. आधी कारण शोधावे.

जोस्लिन नव्वदी ओलांडल्यावरही काम करत होते. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बॉस्टनमधील त्यांच्या नावाची संस्था आजही मधुमेहावर काम करते.

त्यांच्या वहीतून आपण काय घ्यावे?

लिपिड प्रोफाइल कधी करावे? मधुमेहाचे निदान झाल्यावर लगेच, आणि त्यानंतर साधारणपणे वर्षातून एकदा. औषध सुरू केले किंवा बदलले असेल तर डॉक्टर ते लवकर करायला सांगतात.

उपाशीपोटीच करावे का? बहुतेकांसाठी पहिली तपासणी जेवणानंतर केली तरी चालते, कारण एलडीएल आणि एचडीएल जेवणाने फारसे बदलत नाहीत. बदलते ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड. जेवणानंतरचा हा आकडा ४०० च्या वर आला, किंवा पूर्वी तो फार वाढलेला असेल, तर ९ ते १२ तास उपाशी राहून पुन्हा तपासावे लागते. साधे पाणी पिता येते.

इथे दोन सूचना महत्त्वाच्या. तुम्ही इन्सुलिन किंवा साखर एकदम कमी करू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल तर इतका वेळ उपाशी राहण्याआधी डोस कसा घ्यायचा हे डॉक्टरांना विचारा, तपासणी सकाळी लवकर करा आणि खाण्याचे काही सोबत ठेवा. दुसरे, उपवासाचा दिवस म्हणजे उपाशीपोट नव्हे. साबुदाण्याची खिचडी किंवा दूध-केळे खाऊन दिलेले रक्त हे जेवणानंतरचेच रक्त असते.

आकडे किती असावेत? ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी १५० च्या खाली आणि जेवणानंतर साधारण १७५ च्या खाली असावे. एलडीएल मधुमेहींमध्ये निदान १०० च्या खाली हवे. हृदयविकार झालेला असेल किंवा धोका जास्त असेल तर ७० किंवा त्याहूनही खाली. तुमचे नेमके लक्ष्य डॉक्टर ठरवतील. हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

जेवणानंतरची चरबी वेगळी तपासायची का? साखरेच्या पीपी तपासणीसारखी चरबीची वेगळी तपासणी रोजच्या उपचारात लागत नाही. उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असेल तर जेवणानंतर ते आणखी वाढते, हे गृहीत धरून उपचार करता येतात.

ती कमी कशी करायची? सर्वात आधी साखर आटोक्यात आणा. अनेकांचे ट्रायग्लिसराइड एवढ्यानेच बरेच उतरते. फक्त तूप बंद करून भागत नाही, कारण जादा साखर, मैदा, गोड पेये आणि दारू यांतूनही यकृत चरबी बनवते. तळलेले पदार्थ कमी करा, एका जेवणात भरपूर तेल-तूप घेणे टाळा, वजन जास्त असेल तर थोडे उतरवा. नियमित चालण्याने स्नायूंमधले ते चरबी फोडणारे एन्झाइम जोमाने काम करते.

कोलेस्टेरॉलची गोळी का? स्टॅटिन गटातील औषधे मधुमेहींमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात कमी करतात, हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झाले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहींना रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दिल्यावर हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. आकडा चांगला आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

धावपळ कधी करावी? ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढू लागतो आणि १००० च्या वर तो गंभीर होतो. प्रयोगशाळेने नमुना दुधाळ असल्याचे कळवले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पोटाच्या वरच्या भागात तीव्र, पाठीकडे जाणारी वेदना आणि उलट्या सुरू झाल्या तर थेट रुग्णालयात जा.

जोस्लिन यांच्याकडे आजच्यासारखी औषधे नव्हती. त्यांच्याकडे एक वही होती आणि तिच्यातले आकडे प्रामाणिकपणे वाचण्याची सवय होती. तेवढे आपणही करू शकतो. एक साधी वही घ्या. साखरेच्या रकान्याशेजारी ट्रायग्लिसराइड आणि एलडीएलचा रकाना आखा. तारीख लिहा, आणि रक्त उपाशीपोटी दिले की जेवणानंतर, तेही लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.